पाटावरचे आटे

लग्नकार्यात नवी ओळख झाली की समोरची बाई आधी साडीचं कौतुक करते आणि मग विचारते, तुम्ही काय करता? माझी नणंद शिक्षिका, धाकटी जाऊ बँकेत. त्यांची उत्तरं एका शब्दात संपतात. मी सांगते, "ट्रकच्या ब्रेकचे होज पाइप विकते." बाई हसते, कारण मी चेष्टा करतेय असं तिला वाटतं. मी हसत नाही असं दिसलं की तिला एकदम कुणाला तरी हाक मारायची आठवण होते.

संपादकांनी या अंकासाठी धंद्यावर लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं, वाचणार कोण? ते म्हणाले, ज्यांनी ट्रक फक्त बाहेरून पाहिलाय ते. तेव्हा सुरुवातीलाच जरा समजावून सांगते, मग गप्पा.

अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर चौलच्या अलीकडे आमचं स्पेअर पार्टचं दुकान. सुरू केलं ह्यांनी. हे जेवायला घरी जायचे तेवढ्यापुरती मी काउंटरवर बसू लागले. मग ह्यांचं जेवण लांबत गेलं. जेवणानंतर वाडीत एक फेरी, फेरीनंतर सुपारीला पाणी, पाण्यानंतर वामकुक्षी. शेवटी हे वाडीतच राहिले आणि मी दुकानात. दोघांनाही जिथे बरं वाटतं तिथे आम्ही पोहोचलो, त्यामुळे आमच्यात त्यावरून कधी भांडण झालं नाही. ड्रायव्हर लोक मला पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणतात. काही जणांची मुलंही आता गाड्या चालवतात, तीही वहिनीच म्हणतात.

आता ब्रेक. ट्रकचा ब्रेक नुसत्या पायाच्या जोरावर लागत नाही. पायाला मदत करायला पुढे एक डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. काही गाड्यांत हा बूस्टर हवा खेचून काम करतो, तर काहींत तेलाच्या दाबावर. त्याने वाढवलेला जोर मग लोखंडी नळ्यांतून, ब्रेक ऑइलमार्फत, चाकापर्यंत जातो. पण चाक वळतं, खड्ड्यात खालीवर होतं. तिथे लोखंडी नळी तुटेल, म्हणून शेवटचा हातभर तुकडा रबरी असतो. तोच होज. तो फुटला तर बूस्टर कितीही दांडगा असो, पेडल खाली जातं आणि गाडी जाते तशीच पुढे जाते.

होज विकणं कठीण नाही. कठीण आहे ते त्याची दोन्ही टोकं जुळवणं. आपल्याकडच्या ट्रककंपन्यांनी आपापल्या वेळी वेगवेगळ्या देशांशी सोयरीक केली. एकीच्या घरात इंग्रजांचं इंची माप आलं, दुसरीच्या घरात जर्मन मिलीमीटर, तिसरीच्या घरात जपानी. सोयरिकी कधीच मोडल्या, पण आटे राहिले. होजच्या टोकाला बाहेरून आटे असलेला नट असतो. एकाच जाडीचे दिसणारे दोन नट असतात, एक इंची आणि एक मिलीमीटरचा. डोळ्यांना जुळे भाऊ वाटतात. इंची नट मिलीमीटरच्या भोकात दोन आटे मजेत फिरतो आणि तिसऱ्याला अडखळतो. इथे माणसाच्या स्वभावाची परीक्षा होते. शहाणा माणूस नट काढून घेतो. बाकीचे पाना आणतात. पान्याने तो आत जातो, घट्टही वाटतो, कारण तो आतले आटे खरवडत गेलेला असतो. मग एखाद्या दिवशी समोर म्हैस येते, ड्रायव्हर जोरात ब्रेक दाबतो, आणि खरवडलेले आटे हात वर करतात.

म्हणून माझ्या काउंटरवर पाना ठेवायचा नाही, असा नियम. त्याऐवजी पाट आहे. सासूबाईंचा फणसाचा पाट, एका बाजूचा पाय निखळला म्हणून माळ्यावर पडला होता. मी त्यात भोकं पाडून घेतली आणि प्रत्येक कंपनीच्या गाडीचं एकेक पितळी तोंड बसवलं. गिऱ्हाइकाने आपल्या होजचा तुकडा आणायचा आणि स्वतःच्या बोटांनी पाटावर फिरवून बघायचा. जिथे तो शेवटपर्यंत बोटांनी जाईल, ते त्याचं घर. बोटांनी जात नसेल तर ते त्याचं घर नाही, मग गाडीच्या नाकावर नाव कुठल्याही कंपनीचं असू दे. सासूबाईंनी तो पाट बघितला तेव्हा म्हणाल्या होत्या, "आता यावर बसायचं कुणी?" मी म्हटलं, ट्रकने.

नाव कुठलंही असू दे, असं म्हटलं त्याला कारण आहे. चिऱ्यांच्या खाणीवरून एक ड्रायव्हर आला होता. गाडीचं नाव असं छातीवर हात ठेवून सांगत होता की जणू मी त्याचं आडनाव विचारलंय. त्याचा तुकडा त्या कंपनीच्या तोंडात जाईना, शेजारच्या तोंडात मात्र लोण्यासारखा गेला. तो माझ्यावर रागावला. माझी गाडी ओळखत नाही होय मी, म्हणाला. शेवटी शेजारच्या गॅरेजचे मुश्ताकभाई गाडीखाली शिरले आणि हसत बाहेर आले. पुढच्या दोन चाकांना जोडणारा अख्खा आस मागच्या मालकाने भंगारातून दुसऱ्या कंपनीचा घालून घेतला होता. त्या ड्रायव्हरचा चेहरा असा पडला की मला त्याला चहा पाजावा लागला.

लांबीच्या तऱ्हा वेगळ्याच. होज आखूड पडला तर चाक पूर्ण वळल्यावर ताणून तुटतो, लांब झाला तर टायरला घासतो. म्हणून जुना काढून आणा, असं मी घसा कोरडा करून सांगते. एक जण मोटरसायकलवर मागे बसून, दोन्ही हात हवेत तेवढ्याच अंतरावर धरून, नागावहून आला. रस्ताभर हात हलवले नाहीत म्हणे. दुकानात शिरला, समोर हे बसलेले दिसले, आणि संस्कार आडवे आले. त्याने ह्यांना नमस्कार केला. माप गेलं. दोघे परत नागावला गेले.

आता फोटो येतात. फोटोतला होज सायकलच्या पंपाचा की बंबाचा, काही कळत नाही. शेजारी काहीतरी ठेवून काढा म्हटलं तर कुणी चुन्याची डबी ठेवतो, कुणी स्वतःचा अंगठा. मी परत एकच उत्तर पाठवते: पाटावर या.

पाटावर कधीच न येणारा एकच मनुष्य होता, थळचा धर्मा नाखवा. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. दोन बोटी आणि बंदरावरून मासळी मुंबईला पोचवायला एक टेंपो, असा त्याचा बारदाना. माणूस मनाचा मोठा, आवाजाचा त्याहून मोठा. त्याची बायको पार्वतीबाई अलिबागच्या बाजारात बसते, तिच्याकडचं पापलेट मी डोळे मिटून घेते. पण नाखवा दुकानात आला की माझ्या डोक्याला ताप. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "वैनी, घाई कर, बरफ इतलतंय." बाहेर टेंपोत मासळीवरचा बर्फ वितळत असे, आणि बर्फ नसला तरी वाक्य तेच. हातात पाना घेऊनच यायचा. पाट पुढे केला की म्हणायचा, "पाट कशाला? लगीन हाय का कुनाचा?" जे हाताला लागेल ते घेऊन पान्याने आवळायचा आणि जायचा. बोटीवर तसं खपून जातं. समुद्रात दुकान नसतं, हातात आहे त्यातूनच भागवावं लागतं, आणि या माणसाने उभ्या आयुष्यात भर समुद्रात बंद पडलेलं इंजिन तारेने, चिंधीने, काय वाटेल त्याने चालू करून बोट किनाऱ्याला लावलेली. त्याला मी काय आटे शिकवणार?

त्याच्या टेंपोवर ड्रायव्हर होता सुदाम. तळा तालुक्यातला, भातशेतीच्या घरातला. बोलायला बेताचा, चालवायला सावध. त्याला समुद्राची भीती वाटायची आणि नाखवाला त्याची फार मौज वाटायची. पण पोरगा गाडीची निगा छान राखायचा, आणि मासळीची पेटी कधी उशिरा पोचली असं झालं नव्हतं.

गेल्या वर्षी त्या टेंपोचं पुढचं डावं चाक तापायला लागलं. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाला घासून गाडी थांबवणारे पट्टे, जळून जायचे. नवे घातले, तेही जळाले. पुन्हा घातले, पुन्हा वास. नाखवाने निकाल लावून टाकला, की सुदाम ब्रेकवरचा पाय काढतच नाही. सुदाम मुंबईच्या वाटेवरच्या कार्ले खिंडीतून जपून उतरायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे बंदरावर ही गोष्ट लगेच खरी ठरली. त्याला 'ब्रेकजाळ्या' म्हणायला लागले.

बाहेरच्या माणसाला यात हसण्यासारखं वाटेल. पण ड्रायव्हरला चिकटलेलं असं नाव म्हणजे त्याची भाकरी असते. आमच्या किनाऱ्यावर गाडीमालक एकमेकांना फोन करून ड्रायव्हर ठेवतात. ब्रेक जाळतो असं एकदा कानावर गेलं की रेवसपासून मुरूडपर्यंत त्याच्या हातात कुणी चावी देत नाही. सुदामचं लग्न ठरलं होतं. मुलीकडच्यांना त्याने एवढंच सांगितलं होतं की थळला पक्की नोकरी आहे.

एक दिवस नाखवा आला. बरोबर सुदाम, मान खाली. नाखवाने डाव्या चाकाचे लायनर मागितले आणि मला ऐकवलं की हे शेवटचे, सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर येतोय. मी लायनर काढायला वळले आणि सहज विचारलं, उजव्या चाकाचे नकोत का? तो म्हणाला, उजवं चाक ठणठणीत आहे.

मी तिथेच थांबले. ब्रेकचं पेडल एकच असतं. पाय ठेवून बसणारा ड्रायव्हर दोन्ही चाकं जाळेल. एकच चाक जाळायची कला कुठल्याच पायात नसते.

मी सुदामला विचारलं, तुझं काय म्हणणं? त्याने आधी नाखवाकडे बघितलं, मग हळूच म्हणाला, "मी पाय ठेवीत न्हाय, वैनी. डावा चाक आपसूक धरून बसतंय. मी सांगलाय, पन कोन आयकतंय?"

नाखवा उसळला. मी म्हटलं, उसळू नका, त्याच्या शेजारी बसा आणि त्याच्या पायाकडे बघत चौल नाक्यापर्यंत जाऊन या. नाक्यावर एकदा नीट ब्रेक दाबायचा, आणि येताना गियरवर सावकाश, ब्रेकला पाय लावायचा नाही. नाखवा म्हणाला, बर्फ वितळतोय. मी म्हटलं, वितळू दे, नाहीतर मी लायनर देत नाही. गिऱ्हाइकाला माल नाकारायचा प्रसंग माझ्यावर क्वचितच येतो, पण आला की मला तो आवडतो.

दोघे गेले आणि आले. टेंपो दुकानासमोर आपोआप थांबावा तसा थांबला. मी पिण्याच्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले. उजव्या चाकावर पाणी टाकलं, ते मुकाट्याने ओघळलं. डाव्यावर टाकलं, चर्र झालं आणि वाफ आली. नाखवा खाली उतरून बघत राहिला. त्याने येताना सुदामचा पाय पूर्ण रस्ताभर पाहिला होता.

मुश्ताकभाईंनी चाक जॅकवर उचललं. हाताने फिरेना. त्यांनी होजच्या वरच्या टोकाचा नट सैल केला, म्हणजे बूस्टरकडून येणारा जोर संपला, तरी चाक धरलेलंच. मग चाकाकडचं टोक सैल केलं. काळं पडलेलं ब्रेक ऑइल चिळकांडीसारखं उडालं आणि चाक भिंगरीसारखं मोकळं झालं. म्हणजे चाकाकडे गेलेल्या दाबाची परतीची वाट मधल्या हातभर होजमध्ये अडली होती. ब्रेक लागत होता, पण सुटत नव्हता.

होज हातात घेतला आणि मला सगळं कळलं. तो ट्रकचा नव्हताच. जाड, आत तारेचे थर, वरून मिठाने पांढरा पडलेला. बोटीवर जाळं ओढायचं जे यंत्र असतं, ज्याला विंच म्हणतात, त्याचा तो होज. टोकाला लेथवर काढून घेतलेला जोड. हे डोकं कुणाचं, ते विचारायची गरज नव्हती.

"मीच लावलाय," नाखवा म्हणाला. आवाज अजून ताठ होता. "अख्खा भरलेला जाला खेचतंय यो होज. तुजे होजपरास चौपट ताकद हाय. यो फुटेल काय?"

खरंच होतं. तो फुटला नसता. आणि त्याने तसं का केलं, हेही मला नीट समजलं. या टेंपोचा बूस्टर तेलाच्या दाबावरचा. त्याच्या तेलाचा होज नाखवाने आधी एकदा बोटीवरचाच घातला होता आणि तो झकास चालला होता, आजही चालतोय. कारण बूस्टरमध्ये फिरतं ते तेल आणि विंचमध्ये फिरतं ते तेल एकाच जातीचं. तो होज त्या तेलासाठीच बनवलेला. पण बूस्टरच्या पुढे चाकाकडे जातं ते ब्रेक ऑइल वेगळं. सगळे त्याला ऑइल म्हणतात, प्रत्यक्षात तेलाशी त्याचं नातं नाही. तेलाचं रबर त्यात बुडालं की फुगतं. बाहेरच्या तारांमुळे बाहेर फुगायला जागा नाही, म्हणून आतल्या आत फुगतं.

मुश्ताकभाईंनी होज मधोमध कापला. आतलं रबर रात्रभर भिजत घातलेल्या वालासारखं टम्म फुगलेलं. मधून सुई जाईल एवढी वाट. पायाचा जोर मोठा, तो रेटून पलीकडे जायचा. परत यायला जोर नाही, म्हणून तिथेच बसायचा. चाक धरून ठेवत होता तो हा होज. सुदामचा पाय नव्हे.

नाखवाने तो तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ भोकात बघत उभा राहिला. मला वाटलं, आता हा माझ्यावर ओरडेल, नाहीतर होज विकणाऱ्यावर, नाहीतर मुश्ताकभाईंवर. बंदरावर ज्याने ब्रेकजाळ्या हे नाव पाडलं तो हाच, आणि ब्रेक जाळणाराही हाच. मला त्याची दया आली आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. मी म्हटलं, "नाखवा, होज उत्तम आहे. बूस्टरच्या तेलाला मीसुद्धा हाच दिला असता. चाकाकडे तेवढा नको."

मुश्ताकभाईंनी नवा होज घातला, उरलेलं काळं ऑइल काढून टाकलं, ब्रेक पुन्हा भरला. उजवीकडचाही तपासला, तो मूळचाच होता. टेंपोत चढताना नाखवा सुदामकडे न बघता म्हणाला, "सोमवारी पहाटेला ये. बरफ भराचा हाय."

सुदाम म्हणाला, "व्हय." आणि तोंड फिरवून आरसा पुसायला लागला. आरसा स्वच्छच होता.

एवढ्यावर झालं तरी मला पुरे होतं. माफी मागणं नाखवाच्या घराण्यात नसावं. दोन दिवसांनी पार्वतीबाईने बाजारात मला दोन पापलेटं घातली आणि पैसे घेईना. नाखवाने दिलीत का, विचारलं तर म्हणाली, तो कशाला देतोय, मीच देतेय, कापलेला होज त्याने घरात देवघराजवळ खिळ्याला टांगून ठेवलाय, हात लावू देत नाही.

माझ्या या धंद्यात खंत म्हणायची तर एक आहे. आयुष्यभर ट्रकचे ब्रेक विकले, पण ट्रक चालवायला शिकले नाही. सुदामला एकदा तसं म्हटलं तर तो म्हणाला, वहिनी, तुम्ही पुढे बसा, मी खिंडीपर्यंत फिरवून आणतो. मी गेलेही. कार्ले खिंडीच्या उतारावर तो असा शांतपणे गियरवर गाडी उतरवत होता की मला माझ्या होजची काळजी करायचं सुचलंच नाही. दुकान आता सुनेकडे सोपवत आणलंय. तिला पाट आवडतो. त्यावर तिने नव्या गाड्यांची तोंडंही बसवून घेतलीत.

पण सांगायचं राहिलं ते या पावसाळ्यानंतरचं. नाखवा आणि सुदाम पुन्हा आले. बूस्टरजवळचा एक जोड झिजला होता, तो हवा होता. बाहेर टेंपो मासळीने भरलेला, मागच्या फटीतून बर्फाचं पाणी रस्त्यावर ठिबकत होतं. नाखवाने कुठूनसा एक जोड आधीच पैदा केला होता, अगदी हुबेहूब, आणि सवयीप्रमाणे हातात पाना. मी पाट पुढे सरकवला. आता लग्नाचा विनोद येणार म्हणून थांबले.

नाखवाने जोड पाटावर लावला नाही. सुदामच्या हातात दिला. "तू बग," म्हणाला.

सुदामने आपल्या गाडीचं तोंड शोधलं आणि जोड बोटांनी फिरवायला लागला. एक आटा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला त्याची बोटं थांबली. त्याने पुन्हा मागे घेऊन सावकाश लावून बघितला, पुन्हा तिथेच थांबली. बाहेर पाणी ठिबकतच होतं. सुदामने वर बघितलं. या वेळी मान खाली नव्हती.

"न्हाय बसत, नाखवा."

नाखवाने हातातल्या पान्याकडे बघितलं आणि तो माझ्या काउंटरवर, नियम मोडून, आडवा ठेवला. मग बाकड्यावर बसला.

"मंग दुसरा बग," तो म्हणाला. "निवांत बग. बरफ गेला तं गेला."